फॉर्मवर शुगर लिहायची की नाही?

*वाचकाचं पत्र*

सप्रेम नमस्कार. आम्ही कराडचे. माझे यजमान साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहेत. वय ५८, पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त होतील. आजवर कंपनीचं मेडिक्लेम होतं, म्हणून या विषयात आम्ही कधी डोकं घातलं नाही. त्यांना नऊ वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे, गोळ्या रोज चालू आहेत. मी ५३ वर्षांची, घरी शिवणकाम करते, मला तसा काही आजार नाही. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून चौदा-पंधरा लाख हातात येतील, पेन्शन अगदी नावापुरती.

ओळखीच्या एजंटने आम्हा दोघांसाठी दहा लाखांच्या पॉलिसीचं कोटेशन दिलंय. हप्ता ४८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला ५६,६४०. सासूबाईंनाही त्यात घेतलं तर आकडा फार वाढतो. तो म्हणतो, "फॉर्मवर शुगरचं लिहू नका, उगाच हप्ता वाढेल. पाच वर्षं निघाली की कोणी काही विचारत नाही." जाऊबाई म्हणतात, सरकारची पाच लाखांची योजना आता सगळ्यांना लागू आहे, पॉलिसीला पैसे कशाला घालता? पण आमचं रेशन कार्ड पांढरं आहे. यजमान दोघांचंही ऐकून गप्प बसलेत. आम्ही नेमकं काय करावं?

— एक वाचक भगिनी, कराड

*उत्तर*

ताई, तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एजंटच्या सांगण्यातला हप्ता वाढण्याचा भाग खरा आहे, बाकीचा सल्ला तुम्हाला खड्ड्यात घालणारा आहे. सरकारी योजना आणि पॉलिसी या दोघींत भांडण लावायचं कारण नाही. तुमच्या यजमानांना शुगर असल्यामुळे तुम्हाला दोन्ही लागणार आहेत. त्या एकमेकींच्या जागा कशा भरतात ते सांगते. पण त्याआधी एक काम आहे, आणि ते याच आठवड्यात करायचं आहे.

यजमानांना कंपनीच्या एचआरकडे जाऊन विचारायला सांगा की आपली ग्रुप पॉलिसी कोणत्या विमा कंपनीची आहे आणि तिचं संरक्षण कोणत्या तारखेला संपतं. बहुतेक ठिकाणी ते नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतं. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची सोय विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांत आहे. तिला मायग्रेशन म्हणतात. तिचा मोठा फायदा असा की कंपनीच्या पॉलिसीत जितकी वर्षं सलग गेली, त्यांचं श्रेय नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळात, मिळतं, अर्थात जुन्या विमा रकमेपुरतंच. हप्ता ग्रुपसारखा स्वस्त राहणार नाही, आणि विमा कंपनी प्रकृतीची माहितीही मागेल. पण नऊ वर्षांची शुगर असलेल्या माणसासाठी ही सलगता फार मोलाची आहे. निवृत्तीचा सत्कार झाला, हार घालून घरी आले आणि मग दोन महिन्यांनी आठवलं, तर ही सोय हातची गेलेली असते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत गेल्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी प्रमाणपत्रांच्या प्रतीही मागून घ्या.

आता सरकारी योजनेकडे येऊ. पांढऱ्या रेशन कार्डाबद्दलची तुमची शंका जुन्या नियमांमुळे आहे, आणि ती अनेकांच्या मनात अजून आहे. राज्याची ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा ती मुख्यतः पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी होती, आणि विमा रक्कम कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती. १ जुलै २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली विस्तारित योजना लागू झाली. आता राज्यातले सगळे रेशन कार्डधारक, पांढऱ्या कार्डवाल्यांसह, तिच्यात येतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. हप्ता शून्य. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. एकाला लागली तर सगळी एकासाठी वापरता येते.

आणि तुमच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे या योजनेत आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड नाही. शुगर नऊ वर्षांची असो की वीस वर्षांची, बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरची केमोथेरपी यांसारखे यादीतले उपचार पहिल्या दिवसापासून मिळतात. खासगी पॉलिसी जिथे तीन वर्षं थांबायला सांगते, तिथे सरकारी योजना तुमच्या बाजूने उभी राहते. म्हणूनच ती "गरिबांची योजना" म्हणून कपाटात टाकू नका.

मग पॉलिसी कशाला, असं जाऊबाई विचारतीलच. योजना फक्त यादीतल्या उपचारांना आणि योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांतच चालते. २०२४ मध्ये ही यादी १,३५६ उपचारांची होती आणि पुढे ती वाढवण्याचा निर्णय झाला आहे. तरी ती यादीच आहे. त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. प्रत्येक उपचाराचा दर सरकारने ठरवलेला असतो. तो परवडत नाही म्हणून पुण्या-मुंबईची काही मोठी खासगी रुग्णालयं योजनेत येत नाहीत. जी येतात त्यांतही सगळे विभाग योजनेखाली असतातच असं नाही, म्हणजे हाडांचा विभाग आहे पण हृदयाचा नाही, असं होतं. आणि खाट रिकामी नाही, पुढच्या आठवड्यात या, हे उत्तरही लोकांना मिळतं. अशा वेळी दुसरीकडे जाता यावं, यासाठी पॉलिसी हवी.

योजनेचे कागद आजच, सगळे धडधाकट असताना करून ठेवा. रेशन कार्ड ऑनलाइन झालेलं आहे का आणि त्याला बारा अंकी क्रमांक मिळाला आहे का, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत विचारा. पांढऱ्या कार्डांवर वर्षानुवर्षं धान्य घेतलेलं नसतं, त्यामुळे हा क्रमांक नसल्याचं पुष्कळदा ऐनवेळी, रुग्णालयाच्या खिडकीपाशी कळतं. कार्डावर तुम्हा चौघांची नावं आहेत ना, आणि ती आधारवरच्या नावांशी जुळतात ना, तेही पाहा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर, मुलाच्या नावात एक अक्षर वेगळं, यापायी माणसं ताटकळतात. मग सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढा. आपले सरकार सेवा केंद्रात, सहभागी रुग्णालयात किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंच्या मदतीने ते निघतं.

सासूबाईंसाठी तर स्वतंत्र सोय आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यावरही वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि ते घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांसाठीच राखलेलं आहे. तुमच्या घरात तशा त्या एकट्याच. त्यासाठी आधार कार्ड पुरतं, वयही आधारवरचंच धरतात. त्यामुळे त्यांच्या आधारवर जन्मसाल नीट आहे का ते पाहा. त्या पिढीच्या जन्मतारखा अंदाजाने टाकलेल्या असतात, आणि पाच-सात वर्षांची चूक सर्रास सापडते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड मिळतं. फक्त केंद्र सरकारची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस अशी योजना असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. तुम्हाला तो प्रश्न नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सासूबाईंना तुमच्या पॉलिसीत घेऊ नका. एकत्र, म्हणजे फ्लोटर पॉलिसीत हप्ता सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. ५८ च्या जागी ७४ धरलं की सगळं गणित कोलमडतं. नव्या नियमांनुसार वयामुळे पॉलिसी नाकारण्याची सरसकट मर्यादा राहिलेली नाही हे खरं, पण मिळणं आणि परवडणं वेगळं. त्यांच्यासाठी वय वंदना कार्ड आणि हाताशी थोडी रोकड, एवढं पुरे.

आता फॉर्मवरची शुगर. यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि त्यात होरपळणारं माणूस आधीच आजारी असतं.

एजंटच्या "पाच वर्षां"मागे खरा नियम आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणाने विमा कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आली. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. नऊ वर्षं रोज गोळ्या घेणाऱ्या माणसाने "मधुमेह आहे का" या प्रश्नासमोर "नाही" लिहिलं आणि खाली सही केली, तर त्याला विसरलो म्हणता येत नाही. ती फसवणूकच, असं विमा कंपनी म्हणेल. आणि पहिल्या पाच वर्षांचं काय? ५८ ते ६३ हीच तर हृदयाची, किडनीची दुखणी वर यायची वर्षं.

हे लपतही नाही. ॲडमिट होताना ड्युटीवरचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "शुगर किती वर्षांपासून?" तुम्ही घाबरलेल्या असता, खरं सांगता, आणि सांगायलाच हवं, कारण उपचार त्यावर ठरतात. तो केसपेपरवर लिहितो, "मधुमेह नऊ वर्षे". तोच कागद विमा कंपनीकडे जातो. कंपनीच्या जुन्या ग्रुप पॉलिसीत एखादा क्लेम झाला असेल तर त्यातही शुगर नोंदलेली असणार. मग नुसता क्लेम नाकारला जात नाही, पॉलिसी रद्द होऊ शकते. त्या वयात, त्या आजारासह दुसरी पॉलिसी मिळणं फार अवघड होऊन बसतं. भरलेले हप्ते गेले, रुग्णालयाचं बिल उभं आणि घरात एकमेकांना दोष देणं सुरू. एजंटचं कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातच मिळालेलं असतं.

खरं लिहिलंत तर काय होईल? तपासण्या करायला सांगतील. हप्ता थोडा वाढवतील, त्याला लोडिंग म्हणतात. आणि शुगर-बीपीशी संबंधित उपचारांसाठी वेटिंग पिरियड लावतील. तो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, पूर्वी चार होता. मायग्रेशन झालं तर त्यातूनही मागची वर्षं वजा होतील. शुगरशी संबंध नसलेल्या दुखण्यांना, समजा डेंग्यू झाला किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन लागलं, सुरुवातीच्या ३० दिवसांनंतर संरक्षण सुरू होतं. अपघाताला पहिल्या दिवसापासून. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची सांधेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांना मात्र बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, मग आजार नवा असला तरी. या थांबण्याच्या काळात हृदयाचं किंवा किडनीचं काही निघालंच, तर वर सांगितलेली सरकारी योजना आहे.

फॉर्म यजमानांनी स्वतःच्या हाताने भरावा किंवा ऑनलाइन असेल तर मुलाने शेजारी बसून भरावा. एजंटला ओटीपी देऊन मोकळं होऊ नका. पॉलिसी हातात आली की तिच्यासोबत प्रस्ताव फॉर्मची प्रत येते, ती वाचा. तिथे शुगरपुढे "नाही" दिसलं तर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने कळवा. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तपासणीचा आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च वजा करून पैसे मिळतात.

कोटेशनबद्दल. त्यातले ८,६४० रुपये तुम्ही द्यायचेच नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. एजंटकडे जुना तक्ता असेल, त्याला नवीन मागा. मात्र विमा कंपन्यांना स्वतःच्या खर्चावरचा जीएसटी आता वळता करून घेता येत नाही, त्यामुळे मूळ हप्ता थोडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून "जीएसटी गेला" एवढ्यावर खूश न होता शेवटचा आकडा पाहा. कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसींवर जीएसटी अजून आहे.

दहा लाखांची एकच पॉलिसी घेण्यापेक्षा मी तुम्हाला पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप असा मार्ग सुचवेन. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातलं बिल ठरलेल्या रकमेच्या, समजा पाच लाखांच्या, वर गेलं की पुढचं देणारी पॉलिसी. खालचा भार तिच्यावर नसल्याने ती बरीच स्वस्त पडते. घेताना "सुपर" हा शब्द आहे ना ते बघा. एका वर्षात तीन लाखांचं एक आणि चार लाखांचं दुसरं अशी दोन बिलं झाली, तर सुपर टॉप-अप सातातून पाच वजा करून दोन लाख देईल. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, त्यामुळे एकही पाचाच्या वर गेलं नाही म्हणून काहीच देणार नाही. सुपर टॉप-अपच्या फॉर्मवरही शुगर लिहायचीच, आणि त्याचा वेटिंग पिरियड वेगळा असतो.

मूळ पॉलिसीसाठी आरोग्य संजीवनी जरूर पाहा. आयआरडीएआयने २०२० पासून सगळ्या विमा कंपन्यांना एकाच मजकुराची ही पॉलिसी द्यायला लावली आहे. अटी सारख्या, हप्ता मात्र कंपनीगणिक वेगळा. त्यामुळे तुलना सोपी होते, बारीक अक्षरांत फसायला होत नाही. तिच्या मर्यादाही उघड आहेत. प्रत्येक क्लेममध्ये पाच टक्के आपले, याला को-पे म्हणतात. खोलीभाडं विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला ५,००० च्या वर नाही. आयसीयूला दिवसाला १०,००० पर्यंत. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे ४०,००० किंवा विमा रकमेचा चौथा हिस्सा, जे कमी असेल ते.

खोलीभाड्याची अट कोणतीही पॉलिसी घ्या, नीट समजून घ्या. लोकांना वाटतं, पाच हजारांची मर्यादा आहे आणि आपण आठ हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. रुग्णालयात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात, म्हणून विमा कंपनी तेही त्याच प्रमाणात कापते. आठातले पाच म्हणजे साडेबासष्ट टक्के. या खर्चांचं बिल १,६०,००० असेल तर एक लाखच मंजूर होईल, साठ हजार तुमच्या खिशातून. चार दिवसांच्या खोलीचे बारा हजार वेगळे. औषधं, तपासण्या, स्टेंटसारखी शरीरात बसवायची साधनं आणि आयसीयू यांना ही कपात लावता येत नाही. ॲडमिट होताना काउंटरवर "माझ्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या" असं सांगायला संकोच करू नका. नातेवाईक काय म्हणतील याचा विचार तिथे करायचा नाही.

हप्ता आज परवडतो का, यापेक्षा यजमानांच्या सत्तरीत परवडेल का, हा प्रश्न विचारा. वयाचे टप्पे ओलांडले की हप्ता चढतो, आणि रुग्णालयांचे दर वाढले म्हणूनही चढतो. साठीच्या पुढच्या लोकांसाठी जानेवारी २०२५ पासून एक आधार आहे. विमा कंपनीला नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय त्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण दहा टक्क्यांनीही ४८,००० चे सात-आठ वर्षांत दुप्पट होतात. अर्ध्यात सोडून दिलेली मोठी पॉलिसी, शेवटपर्यंत चालवलेल्या लहान पॉलिसीपेक्षा वाईट. तुमचं उत्पन्न आता व्याज, थोडी पेन्शन आणि शिलाई यांवर आहे, म्हणून मी पाच लाखांवर थांबायला सांगतेय.

मुलाला विचारा की त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना घेता येतं का. येत असेल तर पैसे भरूनही घ्या, कारण अशा पॉलिसींत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. तुमचा वेटिंग पिरियड संपेपर्यंत तिचा मोठा आधार होईल. पण ती त्याच्या नोकरीला बांधलेली आहे. आयटीत नोकऱ्या बदलतात आणि जातातही, म्हणून तिच्या भरवशावर स्वतःची पॉलिसी टाळू नका. तुमचा हप्ता तो भरणार असेल आणि जुन्या करप्रणालीत असेल, तर त्याला आयकरात आईवडिलांसाठी २५,००० पर्यंत वजावट मिळते, वडील साठीचे झाले की ५०,०००. हप्ता रोखीने भरायचा नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी हे ना योजनेत बसतं, ना साध्या पॉलिसीत. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी, औषधं आणि उपचार मोफत आहेत. कराडला उपजिल्हा रुग्णालय आहे. शुगर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात का, डॉक्टरांना दाखवून पाहा. नाहीतर जनऔषधी केंद्र. हातात येणाऱ्या रकमेतले दोन लाख एका वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही मोडता येईल अशी. बाकीच्या पैशांवर घर बांधायचे, गाडीचे, लग्नाचे बेत येतील. या दोन लाखांवर येऊ देऊ नका.

आणखी एक दार फार थोड्यांना माहीत असतं. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या धर्मादाय रुग्णालयांना, त्यात नावाजलेली मोठी रुग्णालयंही आली, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांविषयीच्या कायद्याच्या कलम ४१कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना घालून दिली. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३,६०,००० आहे. निवृत्तीनंतर तुम्ही बहुधा तिच्या आत याल. मात्र मुलाचं नाव तुमच्याच रेशन कार्डावर असेल तर कुटुंबाचं उत्पन्न म्हणून त्याचा पगारही विचारला जाईल, त्याची तयारी ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षात काढून ठेवा. पुण्या-मुंबईला जायची वेळ आलीच तर त्या रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे तो दाखवून लेखी अर्ज करा, तोंडी विचारलं की "खाटा भरल्यात" हे उत्तर सहज मिळतं.

प्रत्यक्ष ॲडमिट व्हायची वेळ आली तर पहिल्या तासातच ठरवायचं की योजनेतून जायचं की पॉलिसीतून. योजनेत आधी मंजुरी आणि मग उपचार अशी पद्धत आहे. नंतर बिल देऊन पैसे परत मिळत नाहीत. प्रत्येक सहभागी रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. डिपॉझिट भरण्याआधी त्यांना शोधा, रेशन कार्ड आणि आधार दाखवा. तातडीची वेळ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. योजनेतल्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर तिथूनच तक्रार नोंदवा. तुम्हाला शक्य होणारी रुग्णालयं, कराड-सातारा, मिरज, कोल्हापूर, पुण्याची, कोणत्या आजारासाठी योजनेत आहेत, हेही याच क्रमांकांवर आधीच विचारून एका वहीत लिहून ठेवा.

पॉलिसीतून जायचं ठरलं तर कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा २०२४ पासून नियम आहे. तीन तासांपुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा. दुपारी डिस्चार्ज मिळाला आणि रात्री आठपर्यंत बसवून ठेवलं, असं झालं तर हा नियम शांतपणे सांगा आणि वेळा लिहून ठेवा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते त्यात असायला हवं. मग विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर त्यानंतर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यावर ते निकाल देऊ शकतात. फॉर्मवर सगळं खरं लिहिलेलं असेल, तर तिथे तुमची बाजू भक्कम राहील.